भिंतीपलीकडचं दोन-दोन-तीन

माझ्या अंगात जे भूत होतं ते मीच होतो, एवढी साधी गोष्ट तोंडातून बाहेर काढायला मला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत एका बाईची मासळीची पाटी आमच्या गावात कुणी उचलून दिली नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी माझ्या संगीताबद्दल फुशारकी मारायला लागेन, कारण स्वभाव आहे, तेव्हा वाचणाऱ्याने ही पाटी लक्षात ठेवावी.

आमचं घर दांडीला, समुद्राकडून तिसऱ्या आळीत. वडिलांची होडी होती, आई म्हावरं घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. मी होडीत पाय ठेवला की ओकायचो. तांडेलाचा पोरगा आणि समुद्र लागतो, ह्यावर गावाने माझी पोटभर चेष्टा केली. शेवटी वडिलांनी हात टेकले आणि मला आयटीआयला घातलं. तिथून मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा वर्कशॉपात मिलिंग मशीनवर लागलो. दातांची चाकं कापायची, हे माझं काम. सतरा दातांचं चाक, तेवीस दातांचं चाक. एक दात चुकला की अख्खं चाक भंगारात, त्यामुळे दिवसभर डोक्यात मोजणी चालू. जेवताना भातही मोजून खातोस की काय, असं आई म्हणायची.

शेजारच्या लेथवर एक पोरगा होता, तारापूरच्या कॉलनीत राहणारा. त्याचा मोठा भाऊ जहाजावर. तो भाऊ परदेशातून कॅसेटी आणायचा आणि हा त्या जेवणाच्या सुट्टीत हेडफोन लावून ऐकायचा. एकदा त्याने हेडफोन माझ्या कानाला लावला. मी लगेच काढून म्हटलं, "बेअरिंग गेलंय ह्याचं." तो हसला नाही. म्हणाला, "मोज."

मी मोजलं. आणि फसलो. कानाला जो नुसता गोंगाट वाटत होता त्याच्या आत कुणीतरी चाकं कापून बसवली होती. गिटार सातात चालली होती, ड्रम अकरात, आणि दोघं सत्त्याहत्तराव्या ठोक्याला बरोबर एका जागी येऊन भेटत होती. वर एक माणूस पोटातून घुरघुरत होता, रेडा विहिरीत पडल्यावर ओरडेल तसा. ह्याला डेथ मेटल म्हणतात, आणि त्यातही हिशेबाने वाजवतात त्याला टेक्निकल म्हणतात, असं त्याने सांगितलं. मला नावाशी घेणंदेणं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या डोक्यात दिवसभर जे चालतं त्याला कुठेतरी गाणं म्हणतात.

दीडेक वर्षाने तो आखातात नोकरीला गेला. जाताना त्याची इलेक्ट्रिक गिटार आणि खोक्याएवढा अँप्लिफायर मला देऊन गेला. तोवर त्याच्याकडून शिकून माझी बोटं तिच्यावर बरीच चालायला लागली होती. पण असलं संगीत करायला निदान चार माणसं लागतात आणि दांडीत अशी चार माणसं मिळणं म्हणजे वाळूत सुई शोधणं. आमच्याकडे लग्नाचा बँड होता, भजनी मंडळ होतं, हळदीची गाणी म्हणणाऱ्या बाया होत्या. त्यांच्यापुढे जाऊन सातात वाजवा म्हणायची माझी छाती नव्हती. म्हणून मी ठरवलं की सगळं एकट्यानेच करायचं. ठरवलं कसलं, दुसरा इलाज नव्हता.

जागा ठरली जाळ्यांची खोली. घराला लागून एक लांबट खोली, तिच्यात फाटकी जाळी, दोर, जाळं तरंगवायचे बोये, जुनं शीड. नायलॉनच्या जाळ्यांच्या थप्प्या आवाज पिऊन टाकतात, घुमू देत नाहीत, हे मला योगायोगाने कळलं आणि मी स्वतःला मोठा शास्त्रज्ञ समजायला लागलो. ड्रम म्हणजे कारखान्यातून रिकामं होऊन आलेलं निळं पिंप, जे बोईसर-तारापूरकडे घरोघरी पाण्याला वापरतात. ते आडवं टाकून दोन्ही पायांनी बडवायला मी वर्कशॉपातल्या उरलेल्या पट्ट्यांचे दोन पेडल बनवले. आणि दोन टेपरेकॉर्डर. एकावर ड्रम भरायचा, तो वाजवत त्याच्यासोबत गिटार वाजवायची आणि दोन्ही मिळून दुसऱ्यावर भरून घ्यायचं. मग दुसरा वाजवत पहिल्यावर आणखी एक गिटार. प्रत्येक फेरीला टेपची सळसळ वाढत जायची. शेवटच्या फेरीपर्यंत सगळ्या गाण्यांवर जोराचा वारा सुटलेला असायचा. मला तो आवडायचा.

शब्दांची पंचाईत होती. इंग्रजीत गायचं हे मनाने घेतलेलं आणि इंग्रजी तर यथातथाच. मग मी टँकरवर आणि पिंपांवर छापलेलं असतं ते सगळं वहीत उतरवून काढलं. डेंजर. कॉरोझिव्ह. डू नॉट इनहेल. हँडल विथ केअर. माझ्या अल्बममधली आठही गाणी ही अशी, कारखान्याच्या फाटकावरून गोळा केलेली आहेत. घुरघुरताना शब्द कुणाला कळत नाहीत, हे एक बरं असतं.

आता खोटेपणाकडे येतो. पहिली पाळी करून मी तीनला घरी यायचो. वडील दुपारी बंदरावर होडीतच झोपलेले, आई बाजारात, आळी सामसूम. तेव्हा मी खोलीत शिरायचो आणि कडी लावायचो. नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करतोय, असं मी घरी सांगितलं होतं. चांगली सरकारी नोकरी, क्वार्टर, पेन्शन. वडिलांनी ते गावभर केलं. पोरगा समुद्राला नाय चालला पण डोक्याने चालेल, असं ते बंदरावर सांगायचे. ज्या वहीत मी अभ्यास करत होतो त्या वहीत कॉरोझिव्ह होतं.

खोलीच्या एका भिंतीपलीकडे काकीचं घर. वडिलांच्या चुलतभावाची बायको. काका काविळीने गेले त्याला दहा-बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मधली भिंत कुडाची, वर शेण-मातीचा गिलावा. सकाळचा बाजार करून काकी आईच्या आधीच परतायची आणि पडवीत सुके बोंबील ठेचायला बसायची, दगडावर दगड, ठक ठक. मला त्या आवाजाचा राग यायचा. टेपमध्ये येतो म्हणून. दोन-तीनदा मी भिंतीवर मूठही मारली होती, गप्प बस म्हणून. ती थोडा वेळ थांबायची आणि मग पुन्हा चालू.

काकी आणि आई बाजारात वीस वर्षं शेजारी शेजारी बसत आल्या होत्या. भरलेली पाटी एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही. खाली बसून चुंबळ डोक्यावर ठेवायची आणि समोरच्या बाईने पाटी उचलून द्यायची, मग उठायचं. आईची पाटी काकी द्यायची. काकीची पाटी द्यायला आई आपली पाटी डोक्यावर असतानाच वाकायची, मान ताठ ठेवून, एका हाताने, आणि दोघी हसायच्या. त्या दोघींचं कधी भांडण झालेलं मी ऐकलं नव्हतं.

आठ गाण्यांपैकी पाच झाली तेव्हा मी घुरघुरायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात घसा सोलून निघाला. घसा वाचवायचा म्हणून मी घरात बोलणं बंद केलं. गरम पाण्याशिवाय काही पीत नव्हतो, तिखट खात नव्हतो. तिखट न खाणारा माणूस आमच्याकडे आजारी तरी असतो नाहीतर बाहेरगावचा. खोलीतून बाहेर यायचो तेव्हा डोळे लाल, शर्ट ओला, मान आखडलेली. एक दिवस बाजार लवकर उठला आणि आई चारलाच घरी आली. मी आत होतो.

ती किती वेळ दारापाशी उभी होती, देव जाणे. मी कडी काढली तर ती समोर, हातात रिकामी पाटी, तोंड पांढरं पडलेलं.

"आत कोन हाय?"

"कोण नाय."

"मग बोलत कोन होता?"

माझ्या मागे पिंप होतं, गिटार होती, दोन टेपरेकॉर्डर होते. एक बटण दाबलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मग अभ्यासाचं काय सांगायचं? आणि त्याहून वाईट म्हणजे, मी मुद्दाम, माझ्या मर्जीने, बंद खोलीत असा आवाज काढतो आणि मला त्यात सुख वाटतं, हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं? मला माझ्या संगीताची लाज वाटत होती. घुरघुरताना वाटत नव्हती, आईसमोर वाटली. मी मागे दार ओढून घेतलं. आईने माझ्या कपाळाला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

पुढच्या अमावास्येला दुपारी सफाळ्याच्या आतल्या एका पाड्यावरून भगत आला. म्हातारा होता, खोकत होता, दमलेला होता. वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. आईने त्याला जे जे सांगितलं त्यावरून कुणीही तेच म्हटलं असतं. ओटीवर मला पाटावर बसवलं. आळीतल्या बाया दारात दाटल्या. वडील खांबाला टेकून खाली मान घालून बसले होते, त्यांची ती मान मला अजून दिसते. भगताने सुपात तांदळाचे दाणे टाकले, बोटाने दोन-दोन करून बाजूला सारले, बराच वेळ बघत राहिला.

मग म्हणाला, "कोन हायेस तू? बोल."

इथे मी हसून टाकायचं होतं. किंवा रडायचं होतं, काहीही चाललं असतं. पण दारात तीस-चाळीस माणसं होती आणि ती सगळी माझ्याकडे श्वास रोखून बघत होती. आजवर माझा आवाज जाळ्यांनी ऐकला होता. ह्या आवाजाला पहिल्यांदाच माणसं मिळत होती. माझ्या पोटातून तो आपोआप उठला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आपोआप काही उठत नाही. त्याला पोट आत घ्यावं लागतं, घसा सैल सोडावा लागतो, सहा महिने मेहनत लागते. मी घुरघुरलो. इतका खोल, इतका स्वच्छ आवाज माझा त्याआधी लागला नव्हता आणि नंतरही नाही. बाया मागे सरकल्या. कुणाचं तरी पोर रडायला लागलं. आणि मी सातावर मान टाकायला लागलो, खोलीत टाकायचो तशी.

"घुमतो हाय," कुणीतरी म्हणालं.

भगत पुढे वाकला. "लांबून आलास का जवळून?" मी घुरघुरलो. "भिंतीला भिंत लागून आलास काय? कपाळावर कुंकू नाय, तिच्याकडून?"

माझी मान तेव्हा खालीच जात होती. ती जाणारच होती, ठोका तिथेच होता. पण ती जरा जास्त खाली गेली. मी ती हालचाल मोठी केली. खेळ रंगला होता आणि मला तो मोडवत नव्हता. खाली, वर. खाली, वर. सगळ्यांनी तो होकारच बघितला.

कोंबडं कापलं, लिंबू उतरवलं, भगत निघून गेला. आणि मी आत जाऊन पडलो तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की टेप चालू नव्हता.

काकीचं नाव भगताने घेतलं नाही, आळीतही कुणी घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिला टाळून निघून गेली, दुसऱ्या आळीतल्या बाईकडून पाटी उचलून घेऊन. बाजारात आईने आपली जागा बदलली. मग बाकीच्या बायांनीही बदलली. बंदरावर होड्या लागल्या की म्हावऱ्याचे वाटे करताना काकीच्या आसपास मोकळी वाळू राहायला लागली. एका लग्नात तिला हळदीला बोलावलं नाही. कुणी तिला शिवी दिली नाही की दगड मारला नाही. फक्त तिची पाटी कुणी उचलून दिली नाही.

ती अर्धी पाटी भरायला लागली. एवढी की एकटीला गुडघ्यावर घेऊन, तिथून खांद्यावर आणि खांद्यावरून डोक्यावर घेता येईल. अर्ध्या पाटीचा धंदा अर्धाच होतो. कधी जास्त म्हावरं असलं तर ती दोन खेपांत ते रस्त्याला नेऊन, तिथे पाटी भरून उभी राहायची, आणि बोईसरकडे निघालेला कुणी परका माणूस दिसला की त्याला हाक मारायची. कारखान्यातले भय्ये लोक द्यायचे उचलून. "उठिए माताजी," म्हणायचे. मी पहिल्या पाळीला सायकलने जाताना दोनदा तिला तशी उभी असलेली बघितली. दोन्ही वेळा मी पेडल जोरात मारले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोर रोज डबा घेऊन कामावर जात होता.

आणि ह्यातली खरी मेख अशी. त्या दिवसापासून मी खोलीत घुरघुरायचं बंद केलं. कसं करणार? घरी जेवायला लागलो, तिखटही खायला लागलो, बोलायला लागलो. म्हणजे पोरगा बरा झाला. पोरगा बरा झाला म्हणजे भगत खरा. भगत खरा म्हणजे काकी खोटी. मी जितका शहाण्यासारखा वागत होतो तितकी तिच्यावरची गोष्ट पक्की होत होती. हे मला त्याच वेळी कळत होतं. नंतर कळलं असं म्हणायची सोय नाही.

तरी मी अल्बम सोडला नाही. गिटार खोलीतच भरली, आवाज कमी ठेवून. घुरघुर मात्र रविवारी बंद वर्कशॉपात जाऊन भरली, वॉचमनला विडी देऊन. आठ गाणी पुरी झाली. कॅसेटीचं कव्हर मी हाताने काढलं, झेरॉक्स केलं आणि आत चार वादकांची चार खोटी नावं लिहिली. एकटा माणूस बँड करतो म्हणजे त्याला कुणी मित्र नाही असं दिसतं, म्हणून. बारा प्रती काढल्या. त्यातली एक बंगळुरूला पाठवली. तिथे एक जण असल्या संगीताचं मासिक झेरॉक्सवर चालवायचा.

दीड महिन्याने त्याचं पत्र आलं, इंग्रजीत. मी वर्कशॉपात डिक्शनरी घेऊन वाचलं. त्याने स्तुती केली होती, आणि ती मी इथे लिहिणार नाही, कारण लिहिली तर मला आवडेल. पण शेवटी त्याने एक विचारलं होतं. तिसऱ्या गाण्यात ड्रमच्या मागे, लांबून, दगडासारखं काहीतरी वाजतं. दोन, दोन, तीन असे सात ठोके. संबंध गाण्यात ते एकदाही चुकत नाहीत, तुमचा ड्रमर मात्र दोनदा चुकतो. कव्हरवर चौघांची नावं आहेत, ह्या पाचव्याचं नाही. कोण आहे हा?

त्या दुपारी मी हेडफोन लावून तिसरं गाणं ऐकलं. सळसळीच्या खाली, अगदी तळाला, ते होतं. ठक-ठक, ठक-ठक, ठक-ठक-ठक. मग मी गाणं भरण्याआधीच्या सरावाची टेप काढली. मी एका जागी सारखा अडखळायचो. अडखळलो की थांबायचो, शिवी द्यायचो आणि सुरुवातीपासून घ्यायचो. मी थांबलो की ठोके थांबत होते. मी सुरू केलं की दोन फेऱ्या जाऊ देऊन ठोके पुन्हा येत होते, बरोबर जागेवर. आणि एका ठिकाणी माझी मूठ ऐकू आली, भिंतीवर, गप्प बस म्हणून.

म्हणजे तिला ठाऊक होतं. भिंतीपलीकडे बोंबील ठेचत बसलेल्या त्या बाईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की आत भूत नाही, मी आहे, आणि मी जे करतोय ते चुकत, सुधारत, पुन्हा पुन्हा करायचं काहीतरी आहे. माझं गाणं सगळ्या जगात एका माणसाने ऐकलं होतं, त्यावर ताल धरला होता, आणि त्याच माणसाच्या दारात मी भूत नेऊन बांधलं होतं. मी जाळ्यांवर बसून रडलो. ह्यात कौतुक काही नाही, स्वतःसाठीच रडलो असणार.

मग टेपरेकॉर्डर उचलून तिच्या पडवीत गेलो. भगत येऊन गेल्यापासून मी तो उंबरा ओलांडला नव्हता. ती संध्याकाळच्या बाजाराला निघायची तयारी करत होती. पाटी समोर भरलेली होती, पूर्ण. मला बघून तिने पदर सारखा केला, पण उठली नाही. मी काही बोलायच्या ऐवजी बटण दाबलं. बोलायची हिंमत तेव्हाही नव्हती, हे ह्यावरून दिसतं. गाणं वाजायला लागलं. ती गुडघ्यावर हात ठेवून ऐकत राहिली. मधे एका जागी तिची मान किंचित वर झाली, आणि ती जागा गेल्यावर ती म्हणाली,

"हां. इथं चुकायचास तू. आता जमला."

"काकी, तुला म्हाईत होतं?"

"भिंत केवढीशी हाय ती."

"मग त्या दिवशी बोलली का नाय? भगताला, आयला, कोणाला तरी सांगायचं. पोरगा गाणं म्हणतो हाय म्हणून."

ती हसली नाही, रागावलीही नाही. त्यातलं एक जरी केलं असतं तरी मला सोपं गेलं असतं.

"मी सांगून कोन ऐकनार होता? मी सांगितला असता तर आनखीच खरा वाटला असता. तुझ्या तोंडातून यायला पायजे होता, पोरा. मी वाट बगत होती. आज सांगेल, उद्या सांगेल. आपलाच पोर हाय, सांगेल."

मी म्हटलं, "आज सांगतो. आयला सांगतो, सगळ्यांना सांगतो."

"सांग," ती म्हणाली. "पहिली ती पाटी दे उचलून. मला बाजार गाठायचा हाय."

संध्याकाळी मी आईला सांगितलं. टेप लावून, वही दाखवून, सगळं. वडिलांनी वही चाळली, बंद केली आणि समुद्राकडे निघून गेले. परीक्षेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, बंदरावरही नाही.  आई एवढंच म्हणाली, "माज्या हातानं केला मी ह्ये." दुसऱ्या दिवशी पहाटे ती काकीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि तिची पाटी तिने आधी दिली, मग स्वतःची घेतली. बाजारात दोघी पुन्हा शेजारी बसल्या. पण वाकून पाटी देताना पूर्वीसारख्या हसताना मी त्यांना बघितलं नाही. बाकीच्या बायांपैकी काही वर्षभरात वळल्या. काही वळल्याच नाहीत. पोरगा आता तिला वाचवायला गाण्याचं नाटक करतो, असंही म्हणणारे निघाले, आणि त्यांना दोष द्यायला मला जागा नाही. भुताचा आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

ते सगळं नंतरचं. सांगितलं ह्याचं श्रेय मी अनेकदा स्वतःला देऊन बघितलं आहे. पण मग ती दुपार समोर येते. काकी पायरीपाशी खाली बसली, चुंबळ डोक्यावर ठेवली, दोन्ही हात वर केले. मी पाटीला हात घातला. पाटी जड होती, अकरा महिन्यांत पहिल्यांदाच तिने ती घरीच पूर्ण भरली होती, का ते मला विचारवलं नाही. मी ती कमरेपर्यंत उचलली आणि थांबलो. आळीच्या ह्या टोकाला बघितलं. मग त्या टोकाला बघितलं.

चुंबळ सांभाळत, मान न हलवता, तिने नुसते डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं.

"कोन नाय बगत," काकी म्हणाली. "दे."